निळा ड्रम आणि गार पाणी : एका हिवाळ्याच्या नोंदी

१६ नोव्हेंबर, रविवार

आजपासून वही सुरू. शाळेतल्या प्रयोगवहीसारखीच ठेवणार आहे: तारीख, पाण्याचं तापमान, हवेचं तापमान, किती वेळ बसलो, नाडी, आणि शेवटी मनाला दहापैकी किती गुण.

कारण आधी लिहून ठेवतो. यंदा द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली आणि पाऊस हटलाच नाही. पोंग्यातच, म्हणजे कोंब फुटतानाच, घड जिरले. दीड एकराच्या बागेत निम्म्या काड्या नुसत्या पाल्याच्या. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर. तेव्हापासून रात्री दोनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि काय लिहायचं तेच आठवेना. पोरं गप्प बसून होती. त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून निफाडला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तासभर ऐकून घेतलं. झोपेसाठी गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, पंधरा दिवसांनी परत या म्हणाले.

गार पाण्याचा विषय मीच काढला. सध्या जो तो मोबाइलवर बर्फात बसलेला दिसतो, त्यात खरं किती, असं विचारलं. त्यांनी आधी ईसीजी काढला, बीपी बघितलं (१२४/७८), घरात कुणाला हृदयाचं दुखणं आहे का ते विचारलं. नानांची, म्हणजे वडिलांची, अँजिओप्लास्टी झालेली आहे, ते सांगितलं. मग म्हणाले, "करून बघा सर, पण एकट्यानं उतरायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही."

हे दोन नियम त्यांचे. त्यात माझे दोन घालतो. डोकं पाण्याखाली न्यायचं नाही. आणि विहिरीत किंवा कादवा नदीच्या पात्रात उतरायचं नाही; जिथं उभं राहिलं की पाय टेकतो, तिथंच.

१८ नोव्हेंबर

गार म्हणजे नेमकं किती गार? प्रयोगशाळेतला तापमापी घरी आणला आणि पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन घरातलं नि मळ्यातलं सगळं पाणी मोजत फिरलो. हवा १२ अंश. गच्चीवरची काळी टाकी १९. गुरांचा सिमेंटचा हौद १७. ओसरीवरचा रांजण १५. विहिरीचं पाणी, मोटार चालू करून पाच मिनिटांनी पाइपाच्या तोंडाशी: २४.

विहिरीच्या आकड्यापाशी थांबलो. लहानपणी थंडीत विहिरीकाठच्या थारोळ्यात, म्हणजे टाक्यात, पाणी पडायचं तेव्हा त्यातून वाफा निघायच्या आणि आजी म्हणायची, धरणीमाय पाणी तापवून देते. आजीचं म्हणणं बरोबरच होतं. जमिनीच्या पोटात खोलवर तापमान बारा महिने जवळपास एकच राहतं. तेच पाणी मे महिन्यात गारेगार लागतं आणि डिसेंबरात कोमट. म्हणजे थंडीच्या दिवसांत "आम्ही विहिरीच्या गार पाण्यानं अंघोळ करायचो" असं जे आपण अभिमानानं सांगतो, ते पाणी त्या वेळी हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी ऊन असायचं.

या विषयात आयुष्य घातलेले एक शास्त्रज्ञ आहेत, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन. त्यांच्या मांडणीनुसार साधारण २५ अंशांच्या खाली पाण्याचा धक्का शरीराला जाणवायला लागतो आणि १० ते १५ अंशांच्या दरम्यान तो कळसाला पोचतो. त्याहून गार पाण्यानं धक्का फारसा वाढत नाही, धोका मात्र वाढतो. हे वाचून बरं वाटलं. बर्फ विकत आणायची, यंत्र घ्यायची गरज नाही. आपल्याकडच्या डिसेंबरातल्या रात्री एवढं काम फुकट करून देतात. निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात येतो.

सगळ्यांत गार रांजण निघाला, हेही लक्षात ठेवायचं. मातीतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते.

२१ नोव्हेंबर

ड्रम मिळाला. निळा, २०० लिटरचा, तोंड पूर्ण उघडं. भंगारवाल्याकडे आठ-दहा होते, त्यांतले बहुतेक औषधांचे, म्हणजे द्राक्षावर फवारतो त्या औषधांचे. ते कितीही धुतले तरी अंगाला लावायचे नाहीत. आंब्याचा पल्प आलेला एक शोधून काढला. सोडा टाकून तीनदा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला.

जागा अंगणात, मोकळ्या आभाळाखाली. पत्र्याखाली ठेवला तर रात्री तितका निवत नाही, हे काल दोन बादल्या ठेवून बघितलं: पत्र्याखालची १७, उघड्यावरची साडेपंधरा. ड्रमभोवती गोणपाट गुंडाळलं आणि झोपताना ते ओलं करायचं ठरवलं. प्लास्टिकला पाझर नाही, तर गोणपाटाला तरी हवा. आत साधारण ११५ लिटर पाणी भरलं की मी बसल्यावर ते छातीपर्यंत येतं. बाहेर विटांची पायरी रचली. पाणी तीन दिवसांनी बदलायचं आणि जुनं बागेला सोडायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिला दिवस. पाणी १६, हवा ११. बायको खुर्ची टाकून समोर, हातात घड्याळ.

पाय टाकले तेव्हा काही विशेष नाही. गुडघ्यापर्यंत झोंबलं. खाली बसलो, पाणी बरगड्यांना लागलं आणि श्वास माझ्या हातातून गेला. दुसरा शब्द नाही. तोंडातून "हा" असा आवाज निघाला, तो मी काढलेला नव्हता. मग एकावर एक, कुत्र्याच्या धापेसारखे छोटे छोटे श्वास. आत घ्यायला जागा आहे, पण बाहेर सोडता येत नाही. छातीला पट्टा आवळल्यासारखं. बायकोनं विचारलं, "बाहेर येता का?" तर उत्तरासाठी शब्द जुळेना. फक्त हात हलवला.

ती मोठ्यानं सेकंद मोजत होती. वीस, पंचवीस, तीस. मी एकच ठरवलं होतं: आत घ्यायची काळजी करायची नाही, बाहेर सोडायचा. ओठ आवळून, चहावर फुंकर मारतो तसा. पस्तिसाव्या सेकंदाला पहिली लांब फुंकर जमली. पन्नासाला दुसरी. साठ म्हणाली तेव्हा श्वास माझा झाला होता. अंग तितकंच गार, पाणी तेच, पण ते आवळणं सुटलं.

दीड मिनिटाला बाहेर. पाठ, मांड्या लालबुंद. नाडी ११८. बीपी मशीन नानांचं आहेच, त्यावर १५२/९४. दहा मिनिटांनी १२८/८०. कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर बोटाला लावलं तर आकडाच दाखवेना. थंडीनं बोटांतल्या रक्तवाहिन्या मिटलेल्या असतात. नाडी मनगटावर हातानंच मोजायची.

मन: आधी ४, नंतर ७. त्या पहिल्या मिनिटात हप्ता, घड, पाऊस, काहीच डोक्यात नव्हतं. गेल्या महिन्याभरात असं मिनिट मला मिळालेलं नाही.

२४ नोव्हेंबर

पाणी १६. दोन मिनिटं. श्वास चाळिसाव्या सेकंदाला ताब्यात.

२५ नोव्हेंबर

पाणी १५. दोन मिनिटं. पस्तीस सेकंद.

२७ नोव्हेंबर

पाणी १५. अडीच मिनिटं. पंचवीस सेकंद. हा आकडा उतरत चाललाय, तो धीटपणामुळे नाही. शरीर शिकतं. तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा खेपांत हा धक्का निम्म्यावर येतो, असं टिप्टन यांच्या प्रयोगांत दिसलं आहे, आणि ही सवय पुढे कित्येक महिने अंगात राहते. बुडणाऱ्या माणसांसाठी हे संशोधन सुरू झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. गार पाण्यात पडलेला माणूस पुष्कळदा थंडीनं गारठून जात नाही, त्याच्या कितीतरी आधी त्या पहिल्या अनावर श्वासाबरोबर पाणी आत जाऊन जातो. कॅनडातले गार पाण्याचे अभ्यासक गॉर्डन गीसब्रेख्त हे सोप्या आकड्यांत शिकवतात: १, १०, १. एक मिनिट श्वास सावरायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला तास. अगदी गोठणाऱ्या पाण्यातही. धरणावर, नदीवर पोरं घेऊन जाणाऱ्या प्रत्येक मास्तराला हे ठाऊक हवं. पडलास तर आधी हातपाय मारू नको, पाठीवर तरंग आणि मिनिटभर श्वास सांभाळ.

१ डिसेंबर, सोमवार

वर्गात दहावीला अप्रकट उष्मा चालू आहे, म्हणून काल एकदाच बर्फाचं गणित करून बघितलं. १२० लिटर पाणी २४ वरून १४ वर आणायचं, म्हणजे १२०० किलोकॅलरी काढायच्या. एक किलो बर्फ वितळताना ८० घेतो, वितळून १४ पर्यंत तापताना आणखी १४. एकूण ९४. भागाकार पावणेतेरा किलो. कारखान्यातून पंधरा किलोची निळसर लादी आणली. खायचा नसलेला बर्फ निळा करायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, हेही पोरांना सांगायचं होतं. तेरा किलो फोडून टाकला. पाणी उतरलं ते १५ वर, १४ वर नाही. तो एक अंश कुठे गेला, यावर आज वर्गात अर्धा तास वाद झाला. ड्रमची भिंत, ढवळताना लागलेली हवा, बर्फ आधीच थोडा ओघळलेला. एका मुलीनं सांगितलं, "सर, लादी तुम्ही मोटारसायकलवर आणली, वाटेतच किलोभर गेला असेल." बरोबर आहे. तराजूवर घरी आल्यावर ठेवायला हवी होती.

दोन पोरांनी विचारलं, आम्ही पण बसू का. नाही म्हणालो, आणि नाहीच म्हणणार.

४ डिसेंबर

आज चूक झाली. ती सविस्तर लिहितो, कारण या वहीतली कामाची नोंद हीच ठरेल.

पाणी १३, हवा ९. तीन मिनिटांनंतर इतकं शांत वाटलं की उठावंसं वाटेना. बायको दोनदा म्हणाली, "झालं आता, या." मी आणखी थोडं, आणखी थोडं करत आठ मिनिटं बसलो. स्थिर बसलं की कातडीला लागून पाण्याचा एक पातळ ऊन थर तयार होतो, त्यामुळे थंडी कमी वाटते. हात हलवला की तो थर मोडतो आणि पुन्हा झोंबतं. त्या उबेनं मला फसवलं.

बाहेर आलो तेव्हा ठणठणीत. बंबातलं कढत पाणी काढून ठेवलं होतं, सरळ दोन तांबे अंगावर घेतले. तिसऱ्या तांब्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून न्हाणीतच खाली बसलो. बायकोनं आणि मोठीनं धरून ओसरीवर आणलं, पाय उशीवर ठेवले. मग जी हुडहुडी भरली ती चाळीस मिनिटं. दात वाजत होते. शर्ट घातला, तर बटण लागेना. बटण दिसतंय, काजं दिसतंय, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आणतोय, आणि बटण निसटतंय. पाच बटणांचा शर्ट. शेवटी मोठीनं बटणं लावून दिली, मी तिला बालवाडीत जाताना लावून द्यायचो तशी. ती काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरले होते.

काय झालं ते असं. पाण्यातून बाहेर आल्यावर शरीर लगेच तापायला लागत नाही. वरची कातडी, हातापायांचे स्नायू गार झालेले असतात, आणि आतल्या गाभ्याची उष्णता तिकडे ओढली जात राहते. बाहेर आल्यावरही गाभ्याचं तापमान काही वेळ उतरतच असतं, आणि खरी थंडी दहा-पंधरा मिनिटांनी वाजते. त्यात कढत पाणी घेतलं की मिटलेल्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात, बीपी पडतं, अंधारी येते.

पहिल्या तासाला रजा टाकली. गारठलेल्या बोटांनी मोटारसायकलचा ब्रेक कसा दाबणार होतो?

यापुढे तीन मिनिटं म्हणजे तीनच मिनिटं. घड्याळ धरणाऱ्याचा शब्द शेवटचा, माझा नाही. बाहेर आल्यावर कोरडं पुसायचं, कपडे, कानटोपी, गुळाचा चहा आणि अंगणात चालणं. कढत पाणी अर्ध्या तासानंतर.

७ डिसेंबर, रविवार

काल-आज बसून अभ्यास वाचले. लोक सांगतात त्यातलं किती टिकतं, ते बघायचं होतं.

नेदरलँड्समध्ये ३,०१८ लोकांवर झालेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. महिनाभर रोज अंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी. त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. पण आजारी पडल्याचे दिवस कमी झाले नाहीत. म्हणजे सर्दी तेवढीच झाली, पण माणूस कामावर गेला. हा फरक सांगताना लोक गाळतात. आणि ३० सेकंद घेणारे नि ९० सेकंद घेणारे यांच्यात काही अंतर पडलं नाही, हेही.

२००० सालच्या एका अभ्यासात तरुण माणसांना १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसवलं होतं. अंगाला तरतरी आणि उभारी देणारी जी रसायनं, त्यांपैकी रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनलिन ५३० टक्क्यांनी वाढलं, डोपामिन २५० टक्क्यांनी. हे आकडे मोबाइलवर सगळीकडे फिरतात. त्यातला "तासभर" मात्र कुणी सांगत नाही. माझ्या तीन मिनिटांना ते आकडे लावणं खोटं होईल.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२५ च्या जानेवारीत अकरा अभ्यास, ३,१७७ माणसं एकत्र तपासली. ताण कमी झालेला दिसला तो बुडीनंतर लगेच नाही, बारा तासांनी. शरीरातला दाह तर लगेच वाढतो. मनःस्थिती सुधारते असा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही.

व्यायामशाळेत जाणाऱ्या भाच्यासाठी आणखी एक: वजनं उचलल्यावर दर वेळी दहा मिनिटं १० अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू, बारा आठवड्यांनी, न बसणाऱ्यांपेक्षा कमी वाढले होते. त्याला फोन करून सांगितलं. शर्यतीनंतर अंग दुखतंय म्हणून बसायचं तर बस, पण शरीर कमवायचंय तर व्यायामानंतर नको.

म्हणजे माझ्या वहीतला "४ वरून ७" हा आकडा अजून काहीच सिद्ध करत नाही. नोंद करणारा मी, गुण देणाराही मीच.

११ डिसेंबर

रात्री अडीचला उठलो, पण या वेळी काळजीनं नाही. बागेत पारा ६ वर. उरलेले घड वाचवायचे आहेत. थंडी अशी राहिली तर मण्यांची फुगवण थांबते, पुढे पिंक बेरीचीही, म्हणजे मणी गुलाबी पडण्याचीही, धास्ती. बांधाबांधानं शेकोट्या पेटवल्या, धूर बागेवर पसरू दिला आणि तीनला ड्रिप सोडलं. विहिरीचं २४ अंशांचं पाणी जमिनीत उतरायला लागलं. हात खाली धरला तर ड्रिपरखालची माती उबदार, आणि वीतभर बाजूला बर्फासारखी. कितीतरी वर्षं हे करतोय, पण एवढ्या लक्षपूर्वक हात पहिल्यांदाच लावला.

पाणी हवेपेक्षा पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं आणि धरूनही भरपूर ठेवतं. जे ड्रममध्ये माझी ऊब ओढून घेतं तेच इथं वेलीला ऊब देतं. शेकोटीपाशी बसून पहाटेपर्यंत शेजारच्या मळ्यातल्या चुलत्यांशी बोललो. त्यांचेही निम्मे घड जिरलेत. त्यांनाही झोप नाही. हे आम्ही एकमेकांना दोन महिन्यांत सांगितलंच नव्हतं.

आज ड्रम नाही. रात्रभर जागलेल्या अंगाला गार पाण्यात घालायचं नाही.

१५ डिसेंबर

नाना सकाळी पंचा गुंडाळून ड्रमपाशी येऊन उभे. "मी पण बसतो आज. तुला सोसतं तर मला का नाही? आम्ही उभा कार्तिक नदीवर काढलाय."

नानांचं वय ७४. सहा वर्षांपूर्वी दोन स्टेंट. रक्त पातळ होण्याची गोळी चालू. मी नाही म्हणालो. ते रागावले. "तू मला आता पाण्याची भीती घालतो का?" मग ओसरीवर बसून त्यांना सगळं विचारलं आणि लिहून घेतलं.

कोजागरीपासून त्रिपुरीपर्यंत, पहाटे चारला, आजीबरोबर कादवेवर. काकड आरतीची घंटा व्हायच्या आत परत. नाकाला चिमटीत धरायचं, तीन डुबक्या, की बाहेर. बसून राहायची पद्धत नव्हती. "पाण्यात कोण बसतं रे? म्हशी बसतात." बाहेर आलं की धोतर पिळायचं आणि चालत घरी, वाटेतच अंग तापायचं. पाणी कसं असायचं, विचारलं तर म्हणाले, "वारा झोंबायचा. पाणी सुखाचं असायचं."

म्हणजे तेच, विहिरीसारखंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरातलं नदीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार. त्यात क्षणभर जायचं आणि चालत सुटायचं. शिवाय तेव्हा नाना दहा-बारा वर्षांचे. ती चाल आणि १२ अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंपरेत आहे म्हणून हेही चालेल, असं म्हणता येत नाही.

आणि डुबकी तर नानांसाठी सगळ्यांत वाईट. गार पाणी छातीला लागलं की हृदयाला धाव म्हणून हुकूम जातो. त्याच वेळी तोंड पाण्यात आणि श्वास रोखलेला असेल तर उलटा हुकूम जातो, सावकाश हो. दोन्ही एकदम आले की हृदयाचा ठेका चुकू शकतो. टिप्टन आणि मायकेल शॅटॉक यांनी २०१२ साली हे मांडलं. धडधाकट माणसाला ते बहुधा निभावतं. स्टेंट असलेल्याला निभावेल असं मी धरून चालणार नाही. नानांना वहीत चित्र काढून दाखवलं: एक हृदय, दोन बाण. ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बैलगाडीला एक बैल पुढे ओढतो, एक मागे."

मी म्हणालो, "नाना, तुम्ही घड्याळ धरा. तिला सकाळी डब्यांची घाई असते. तुम्ही उठ म्हणाले की मी उठणार."

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. पण संध्याकाळी आपलं जुनं चावीचं घड्याळ काढून चावी दिलेली दिसली.

१६ डिसेंबर

पाणी १२, हवा ७. नाना कानटोपी, घोंगडी, हातात घड्याळ. "बस." मग काही नाही. फक्त दर पंधरा सेकंदांनी आकडा. तीन मिनिटांवर "ऊठ", आवाज असा की दुसरा विचारच नाही. श्वास पंधराव्या सेकंदाला ताब्यात. मन ५ वरून ७.

चहा घेताना त्यांनी त्यांच्या मामांची गोष्ट सांगितली. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तिथं मामा पोटाच्या दुखण्यासाठी महिनाभर राहून आले होते. टबात कमरेपर्यंत पाणी, पाय बाहेर, ओल्या फडक्यानं पोट चोळायचं. कटिस्नान. ते मूळ जर्मनीतल्या लुई कूने यांचं, गांधीजी ते स्वतः करत. नाना म्हणाले, मामा घरी आल्यावरही मरेपर्यंत करायचे. पोट बरं झालं का, विचारलं. "पोटाचं माहीत नाही. पण तेवढा अर्धा तास त्यांच्याशी कुणी भांडायचं नाही."

२१ डिसेंबर, रविवार

उद्यापासून दहा दिवस ड्रम बंद. बाकी सगळं तसंच: साडेनऊला झोप, मोबाइल स्वयंपाकघरात, पाचला उठणं, अंगणात बसून नानांच्या आकड्यांवर तीन मिनिटं लांब श्वास, गुळाचा चहा, चालणं. फक्त पाणी नाही. फरक पाण्याचा आहे की या सगळ्याचा, ते असंच कळेल. डॉक्टरांना विचारलं. गोळी मधल्या काळात बदलायची नाही, इतकंच म्हणाले.

१ जानेवारी, गुरुवार

दोन बाजू मांडून बघितल्या.

रात्री दोनची जाग: नोव्हेंबरच्या मध्यात आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. डिसेंबरच्या मध्यात, पाणी चालू असताना, दोन. पाणी बंद असतानाच्या दहा दिवसांत, तीन. म्हणजे झोप सुधारली ती पाण्यानं नाही, किंवा फार थोडी. गोळी, लवकर झोपणं, मोबाइल बाहेर ठेवणं, आणि त्या रात्री शेकोटीपाशी चुलत्यांशी बोलणं, याचं ते श्रेय.

सकाळचं मन: पाण्याच्या दिवशी सरासरी ६.८. बिनपाण्याच्या दिवशी ५.७. हा फरक मला खरा वाटतो. दहा दिवस मी ड्रमकडे बघत होतो. पण गुण देताना मला ठाऊक होतं की आज पाणी नाही, आणि तो दोष या प्रयोगातून काढता येत नाही.

डावा गुडघा: दोन्हीकडे सारखाच दुखतो. सर्दी एकदा झाली, पाण्याच्या दिवसांत. वजन तेच. बीपी तेच.

एक गोष्ट आकड्यांत बसत नाही, तरी लिहितो. २९ तारखेला सोसायटीतून फोन आला, हप्त्याचा. फोन वाजताच छाती आवळली आणि श्वास छोटा झाला, तो ड्रममधल्या पहिल्या वीस सेकंदांसारखाच. मी ओळखलं. फुंकर मारली, दोनदा. मग बोललो, आणि नीट बोललो. फेब्रुवारीपर्यंत मुदत मागितली. मिळाली.

३ जानेवारी, शनिवार

पौष पौर्णिमा. आईचं माघस्नान आजपासून. पहाटे ती थारोळ्यापाशी, मोटार चालू, वाफा निघतायत. तापमापी धरला: २४. तिला म्हणालो, "आई, तुझं पाणी ऊन आहे." ती म्हणाली, "देवाला ठाऊक आहे मी किती सोसू शकते ते," आणि दुसरा तांब्या घेतला.

ड्रम परत भरला. आता आठवड्यातून तीनदाच. पाणी ११, हवा ८. श्वास दहाव्या सेकंदाला ताब्यात. दहा दिवस सुटले तरी अंग विसरलेलं नाही. नाडी १०४, दहा मिनिटांनी ७६. शर्टाची पाचही बटणं माझी मी लावली. मन ७.

दोन मिनिटं पंचेचाळीसलाच नाना "ऊठ" म्हणाले. मी म्हणालो, पंधरा सेकंद बाकी आहेत. "ओठ निळे दिसतायत. ऊठ." उठलो.

बागेत पश्चिमेकडच्या चार ओळींत मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला, लागलंय. घडांना कागद लावायचे राहिलेत, ते सोमवारी.